दुसरी पिशवी

“पण सर, डेटाची फाईल तर जशीच्या तशी आहे. मग सर्व्हर उघडत का नाही?”

विचारणारा निनाद, रक्तपेढीचा संगणक सांभाळणारा. समोर वझलवार सर. हा सर्व्हर पूर्वी त्यांनीच बसवला होता. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. निनादने फोन केला म्हणून ते आले होते.

“काय पुसलंस?”

“लॉगच्या फाईली. सकाळी डिस्क भरली, सगळं अडकलं. आणि लॉगमध्ये नुसती बडबड असते, म्हणून…”

“काही करण्याआधी सर्व्हर तिथे लिहून ठेवतो, मी आता हे करतोय. मग ते करतो. ते लिहिलेलंच तू पुसलंस. काय अर्धवट राहिलं, हे त्याला आता कळेना.”

“म्हणून अडून बसलाय.”

“खात्री नाही म्हणतोय. तुला आहे?”

निनाद हसला. त्याला होती.

“एक कमांड आहे, सर. कोरा लॉग बनवते आणि जबरदस्तीने उघडते. दहा मिनिटांचं काम.”

“बॅकअप?”

“रविवारचा.”

तो बुधवार होता.

“बरं. आधी या मोडक्या फाईलची प्रत काढ.”

“मोडक्याची कशाला?”

“आणखी मोडली, तर हीच चांगली वाटेल.”

प्रत व्हायला चाळीस मिनिटं लागली. निनाद घड्याळ पाहत राहिला. सरांनी चहा घेतला.

मग निनादने कमांड लिहिली. तिच्या शेवटी एक अट लिहावी लागते: माहिती गेली तरी चालेल.

“चालेल असं कोण म्हणतंय?” सरांनी विचारलं.

“मी.”

“रक्त तुझं आहे का?”

निनादने बोट मागे घेतलं.

सरांनी कुंदाताईंना हाक मारली. पिशव्या देणं-घेणं त्यांच्याकडे. त्यांनी दारातूनच ऐकून घेतलं.

“उघडा,” त्या म्हणाल्या. “जाईल ते शोधू. पण बारा वाजता एका बाळंतिणीचं ऑपरेशन आहे. ओ निगेटिव्ह. दोन पिशव्या तयार ठेवा म्हणालेत. आहेत की नाहीत, ते मला नक्की सांगा.”

सर्व्हर उघडला.

“ओ निगेटिव्ह, दोन,” निनाद म्हणाला. “नक्की.”

सर उठले. रक्ताच्या फ्रीजचं दार उघडून उभे राहिले.

“ये.”

निनादने पाहिलं. पुन्हा पाहिलं…

“एकच आहे.”

“मग दुसरी संगणकातली चढवू या तिला?”

कुंदाताई तोवर फोनकडे वळल्या होत्या. शेजारच्या तालुक्यातून एक पिशवी निघाली. साडेअकराला पोचेल, असं कळलं.

“आता बाकीच्या,” सर म्हणाले.

निनाद एकेक पिशवी काढून नंबर वाचत गेला, सर पडद्यावर ताडून पाहत गेले. एकशे बारा पिशव्या. निनादची बोटं गारठली. सगळं जुळलं.

ती एक सोडून.

“ती मीच दिली,” कुंदाताई म्हणाल्या. “आज सकाळी आठला. पुरुष वॉर्ड, खाट सात. एंटर दाबलं आणि संगणक गोठला.”

“रजिस्टरमध्ये असेल ना?” सरांनी विचारलं.

“रजिस्टर यांनीच बंद करवलं. दोनदा कशाला लिहायचं, म्हणाले.”

कुंदाताईंनी निनादकडे बोट दाखवलं.

“मग त्या पिशवीची नोंद कुठे आहे?” सर निनादकडे पाहत होते.

“सर्व्हरमध्ये नाही. लॉग तर मीच…” तो थांबला. “त्या माणसाच्या अंगात.”

सरांनी फ्रीजचं दार हळूच लावलं.

“जा. आधी त्याला बरं वाटतंय का ते विचार. पिशवीचा नंबर मग.”