धावदोऱ्याच्या तीन ओळी

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राजाचं नाव आता कोणाला आठवत नाही. मग त्याच्या आचाऱ्याचं कुठून आठवणार? नाव गेलं, गोष्ट मात्र राहिली.

हा आचारी राजवाड्यातल्या मुदपाकखान्याचा मुख्य होता. त्याच्या हाताला अशी चव, की शेजारच्या राज्यांचे वकील तहाची बोलणी करायला येत आणि जेवून, बोलणी विसरून, तृप्त होऊन परत जात. राजाने नऊ वर्षं दर दसऱ्याला त्याला एक रेशमी काठाचा अंगरखा दिला. तो घालून त्याने रोज राजाच्या पंगतीत स्वतः वाढायचं, असा त्याचा मान होता. असे नऊ दसरे झाले, नऊ अंगरखे झाले, आणि प्रत्येक अंगरखा आधीच्यापेक्षा चार बोटं रुंद झाला.

कारण उघड होतं. चव बघायची ती बोटावर घेऊन. हा वाटीभर घेई. दिवसाला वीस पदार्थ, वीस वाट्या, आणि जेवण ते वेगळंच.

आता जाड असणं हा काही गुन्हा नव्हे. देवाने सगळी माणसं एका साच्यातून काढलेली नाहीत. पण या आचाऱ्याला चार पावलं चाललं की धाप लागे, आणि त्याची एकुलती एक मुलगी लग्नाची झाली होती.

धापेचा आणि लग्नाचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध होता. त्या राज्यात अशी चाल होती, की मुलीच्या लग्नाच्या पहिल्या अक्षता बापाने स्वतः गडावरच्या देवीपुढे नेऊन ठेवायच्या. गडाला पायऱ्या नऊशे. डोली चालत नसे, ताट वाटेत खाली टेकवलेलं चालत नसे. मुलगी पायथ्याशी उभी राही. वर अक्षता पोचल्या की देवळाची घंटा वाजे, आणि ती ऐकून मुलगी हात जोडी. बाप हयात नसला तर मामा नेई, चुलता नेई, त्याला कोणी बोल लावत नसे. पण बाप असून ज्याला जमलं नाही, त्याच्या मुलीला ती गोष्ट सासरी जन्मभर ऐकावी लागे.

मुलीचं लग्न फाल्गुनातलं ठरलं, तेव्हा त्याला अजून वर्ष होतं. आचारी वैद्याकडे गेला. वैद्याने नाडी पाहिली, छातीला कान लावला आणि विचारलं, "किती पायऱ्या म्हणालात?"

"नऊशे."

"शंभरावर छाती फुटेल. चढायचं असेल तर आजपासून वाटी बंद. चव बोटावर. आणि रोज पहाटे गडाकडे चालायचं, जमेल तेवढं."

आचारी घरी आला. मुलगी अंगणात तांदूळ निवडत बसली होती. तिने निवडता निवडता हात थांबवून बापाकडे पाहिलं. तेवढं पुरे झालं.

माणूस मनावर घेतो तेव्हा काय करत नाही! पुरणाचा खमंग वास नाकाशी आला तरी त्याने बोटच चाटलं. पहाटे उठून आधी वीस पायऱ्या चढला, मग पन्नास, मग दोनशे. दहा महिन्यांत त्याचं अंग निम्म्याने उतरलं, आणि पौषात एके सकाळी तो तांदळाचं ताट दोन्ही हातांत धरून नऊशेच्या नऊशे पायऱ्या चढून आला. त्या दिवशी बायकोने त्याची दृष्ट काढली.

राहता राहिले ते अंगरखे. खांद्यावरून घसरायचे, घोळ पायांत यायचा. एकदा वाढता वाढता त्याची बाही राजाच्या कढीत बुडाली. राजा हसला आणि म्हणाला, "अरे, आधी कपड्यांचं काहीतरी कर."

घरी बायको म्हणाली, "अहो, एवढा हत्ती गेला, आता शेपटाला कशाला कवटाळून बसता? दोन ठेवा, मापाचे करून घ्या. बाकीचे देऊन टाका. गावात धिप्पाड माणसं काय कमी आहेत?"

"राजाने दिलेली वस्त्रं ती! अशी वाटायची असतात होय?"

"राजाला आठवतंय का तरी, किती दिली ते?"

"त्याला नसेल. मला आहे."

हे झालं तोंडावरचं कारण. मनातलं कारण निराळंच होतं. नऊ वर्षांचं अंग दहा महिन्यांत गेलं, ते खरंच गेलं यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. अंगरखे दिले आणि उद्या पुन्हा फुगलो तर? लोक हसतील, वर नवे शिवावे लागतील. म्हणून नऊही अंगरख्यांचं गाठोडं बांधून तो शिंप्याकडे गेला.

शिंपी म्हातारा होता, नजर अधू झालेली, पण माप हाताने घेई आणि चुकत नसे. त्याने एक अंगरखा चाचपला, मग आचाऱ्याची कंबर चाचपली.

"आचारीबुवा, दोन तऱ्हा आहेत. जादा कापड कापून टाकतो आणि पक्की शिवण घालतो. नाहीतर कापड आत दुमडतो आणि वरून नुसता धावदोरा घालतो. कापलं की अंगरखा तुमचा. धावदोरा घातला की तुमचाही आणि मागल्या लठ्ठ आचारीबुवांचाही. बोला."

"धावदोराच घाला."

"बरं."

"आणि शिंपीदादा, एक ओळ नको. तीन घाला, एकीच्या आत एक. म्हणजे कसं, न जाणो थोडं अंग भरलं, तर एकच उसवता येईल. सगळं उसवायला नको."

शिंप्याने कापडावर बोटाने तीन रेघा ओढल्या. मग म्हणाला, "म्हणजे खाली यायला पायऱ्या बांधून ठेवायच्या."

"तसं समजा."

"माझं काय जातंय? दोरा तुमचा, अंग तुमचं," असं म्हणत त्याने सुई ओवली.

अंगरखे झकास बसले. लग्नाला महिना उरला होता. आणि तेवढ्यात निरोप आला, की मुलाचे आजोबा वारले. वर्षभर त्या घरात मंगलकार्य नाही. लग्न पुढच्या फाल्गुनावर गेलं.

आचाऱ्याला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर, आत कुठेतरी हायसंही वाटलं. अजून वर्ष आहे! दुसऱ्या दिवशी पहाटे तो उठला नाही. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात, तसं वैद्याच्या दारावरून जातानाही त्याची पावलं भरभर पडू लागली.

चैत्रात राजाकडे पाहुणे आले. पाहुण्यांची पंगत, मिठाचा अंदाज बोटावर कसा कळणार? वाटी आली. आठ दिवसांत अंगरखा काखेत काचू लागला. आचाऱ्याने नखाने एक टोक उचललं, दोरा ओढला. धावदोराच तो, एका ओढीत सरसर निघून आला. अंगरखा पुन्हा सैल झाला, आणि आचाऱ्याला वाटलं, काही बिघडलेलं नाही.

ज्येष्ठात आमरस झाला. दुसरी ओळ गेली. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या, तेव्हा चालायचा प्रश्नच नव्हता.

बायको रोज केर काढी. एके दिवशी तिला केरात लांबलचक पांढरा दोरा सापडला. तो हातात धरून ती नवऱ्यासमोर आली.

"हे काय?"

"दोरा."

"तो दिसतोय. कितवा?"

"अगं, तिसरी ओळ अजून शाबूत आहे. उगाच कशाला जिवाला घोर लावून घेतेस?"

दिवाळीत तिसरीही गेली. त्यानंतर गंमत अशी झाली, की अंगरखे कुठेच काचेनात. काचणार कसे? ते याच अंगासाठी शिवले होते. कपडा तक्रार करू लागला की आचाऱ्याने त्याचं तोंड बंद केलं होतं, आणि आता कपडा गप्प आहे म्हणजे सगळं आलबेल आहे, असं तो धरून चालला. लग्नाच्या आठ दिवस आधी बायको म्हणाली, "एकदा चढून तर बघा." त्याने तिच्यासमोर उभं राहून अंगरख्याचे बंद बांधले आणि म्हणाला, "बघ, कसा नेमका बसलाय. मागच्या वर्षी चढलो होतो ना? यंदाही चढेन."

फाल्गुन आला. पायथ्याशी दोन्हीकडची माणसं जमली. मुलगी हळदीच्या अंगाने उभी होती. आचाऱ्याने अक्षतांचं ताट घेतलं, देवीचं नाव घेतलं आणि पहिली पायरी चढला. सोबत त्याचा मेहुणा, मुलीचा मामा, रिकाम्या हाताने चालला होता. तशी पद्धतच होती.

शंभरापर्यंत तो बोलत चढला. दीडशेला बोलणं थांबलं. दोनशेला तो उभा राहिला, ताट छातीशी धरून, आणि घाम त्याच्या भुवयांवरून ताटात पडू लागला. तीनशेला गुडघे थरथरायला लागले आणि त्यांच्याबरोबर ताटही. दर पायरीला चार-दोन अक्षता दगडावर सांडत होत्या. मामा त्या वेचून आपल्या उपरण्याच्या टोकाला बांधत होता.

तीनशे चाळीसाव्या पायरीवर आचाऱ्याला डोळ्यांपुढे काळं दिसलं. तो बसला. ताट मात्र त्याने वरच धरलं, दोन्ही हातांनी, डोक्याच्या उंचीवर.

मामा वाकून म्हणाला, "दाजी, थांबा वाटलं तर. वेळ आहे अजून."

आचाऱ्याने वर पाहिलं. साडेपाचशे पायऱ्या होत्या. त्याने खाली पाहिलं. पायथ्याशी हळदीचा पिवळा ठिपका दिसत होता. त्याला रडू आलं, आणि श्वासच नसल्यामुळे नीट रडताही येईना.

"मेहुणे," तो म्हणाला, "धरा."

मामा ताट घेऊन वर गेला. आचारी कठड्याला धरून एकेक पायरी उतरला. तो पायथ्याशी पोचला, मुलीसमोर येऊन उभा राहिला, आणि त्याच वेळी वर घंटा वाजली.

सगळ्यांनी ती ऐकली. वर अक्षता ठेवल्या जात होत्या आणि मुलीचा बाप तिच्यासमोर उभा होता. मुलाकडच्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मुलीने रीतीप्रमाणे हात जोडले. मग तिने बाजूचा तांब्या उचलला आणि म्हणाली, "बाबा, आधी पाणी घ्या."

ती रागावली असती, रडली असती, तर त्याला सोसलं असतं. तिचं ते पाणी त्याच्या घशाखाली उतरलं नाही.

लग्न झालं. मुलगी सासरी गेली. सोळाव्या दिवशी आचारी अंगरख्यांचं गाठोडं घेऊन शिंप्याच्या दारात उभा राहिला.

"शिंपीदादा, यातले दोन कापा. गेल्या वर्षीच्या पौषातल्या मापाने. पक्की शिवण घाला. बाकीचे सात मी वाटणार आहे."

शिंप्याने त्याची कंबर चाचपली आणि हात मागे घेतला. "अहो, पण आज ते तुम्हाला होणार नाहीत. घालाल काय?"

"उपरणं घालेन."

"आणि लग्न तर होऊन गेलं. आता कोणासाठी?"

"लग्न झालं. मी आहे अजून."

शिंप्याने अंगरखा पसरला. त्याने कात्री काढली. कच् आवाज झाला तेव्हा आचाऱ्याने डोळे मिटले. उघडले तेव्हा नऊ वर्षांचा घेर जमिनीवर पडला होता. (त्या रेशमी काठांच्या टोप्या शिवून म्हाताऱ्याने जत्रेत विकल्या, असं म्हणतात.) उरलेले सात अंगरखे एका गुरवाला, एका सोनाराला आणि पालखीच्या पाच धिप्पाड भोयांना गेले. ते त्यांना छान शोभले. राजाने पाहिले आणि ओळखलेही नाहीत.

पण अंगरख्याशिवाय राजाच्या पंगतीत वाढता येत नसे. तो मान दुसऱ्या आचाऱ्याकडे गेला, आणि हा उपरण्यावर चुलीशी बसून राहिला. लोक कुजबुजले. त्याने ऐकून घेतलं. चव बोटावर घेतली. पहाटे उठला. या खेपेला अंग उतरायला दहा नव्हे, चांगले अकरा महिने लागले; वय थोडंच थांबतं? पण दाराआड एकही मोठा कपडा नव्हता. एखाद्या दिवशी वाटी तोंडाशी आली, तर परत जायला अंगावर चढवायचं काय, हे त्याला माहीत होतं. उपरणं.

पुढच्या फाल्गुनात, त्याच तिथीला, तो कापलेला अंगरखा घालून एकटाच नऊशे पायऱ्या चढला. गाभाऱ्याशी टेकला. पुजाऱ्याने त्याचे रिकामे हात पाहिले आणि विचारलं, "अक्षता कुठेत?"

"त्या गेल्या वर्षीच आल्या," आचारी म्हणाला. "मी मागे राहिलो होतो."

पुजाऱ्याने घंटा वाजवली नाही. ती एका मुलीसाठी एकदाच वाजते.

तात्पर्य: सोडून दिलेल्या सवयीसाठी घरात जागा राखून ठेवली, की ती परत येते, आणि येते ती पाहुणी म्हणून नव्हे, मालकीण म्हणून.