राजा केयूराचा शीण

एका राज्यात, जिथे डोंगर दुपारी सावलीला येऊन बसत आणि नदी काठच्या माणसांना नावानं हाक मारत असे, तिथं केयूर नावाचा राजा होता. राजा तरुण होता, देखणा होता, आणि दमलेला होता.

लढाईनं दमला म्हणावं, तर लढाई नव्हती. कष्टानं म्हणावं, तर राजाला कसले आलेत कष्ट! पण सकाळी उठायचा तो दमलेलाच उठायचा. जिन्याच्या मध्यावर थांबून भिंतीवरची चित्रं बघत राहायचा. चित्रं त्याला पाठ होती. पण धाप लागली असं राजानं सांगावं कसं? कोणीतरी अंगावर ओली घोंगडी टाकली आहे आणि काढायची विसरून गेलं आहे, असं त्याला वाटे.

राजवैद्यानं नाडी धरली. म्हणाला, "पित्त." पुरोहितानं पत्रिका मांडली. म्हणाला, "शनी." प्रधानजींनी काही धरलं नाही, काही मांडलं नाही. म्हणाले, "आळस." दरबाराला हेच पटलं. दुसऱ्याच्या अंगातला शीण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जो तो त्याला आळस म्हणून मोकळा होतो.

नुसता आळस असता तरी निभावलं असतं. पण त्या सिंहासनाला शाप होता. केयूराच्या पणजोबांनी भुईधर नावाच्या मांत्रिकाला जिंकून सिंहासनाखाली गाडलं. गाडलं जाताना तो म्हणाला, "ह्या आसनावर ज्या दिवशी राजाला गाढ झोप लागेल, त्या दिवशी सगळं राज्य आहे तिथं थांबेल. पुन्हा चालायचं नाही."

तेव्हापासून त्या घराण्यातले राजे ताठ बसत आले. केयूराची मान मात्र आसनावर लवू लागली होती. मान लवली की कारंज्याचं पाणी हवेत उभं राही. झोका वर गेलेला वरच राही, त्यातली मुलगी हसता हसता थांबे. गवळवाड्यात कासेतून निघालेली धार चरवीपर्यंत पोचत नसे, मधेच पांढऱ्या दोऱ्यासारखी लोंबे. राजा दचकून जागा झाला की धार चरवीत पडे. गवळणी म्हणत, "महाराजांना डुलकी लागली होती वाटतं."

येत्या पौर्णिमेला मोठा दरबार होता. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत राजानं आसन सोडायचं नाही अशी रीत. येणाऱ्या प्रत्येकानं आपलं गाठोडं आधी राजाच्या हातात द्यायचं, आणि राजानं म्हणायचं, "शीण माझा, वाट तुमची," हीही रीतच. केयूराला ठाऊक होतं की एवढा लांब दिवस आपल्याच्यानं जागून होणार नाही.

राणी चंपावती म्हणाली, "अहो, दरबार पुढं ढकला."

"रीत आहे. ढकलता येत नाही."

"मग दमता कशानं ते तरी शोधा. आळशी माणूस मजेत झोपतो. तुमच्यासारखा लाजून झोपत नाही."

खिडकीत एक म्हातारी साळुंकी बसली होती. ती थोरल्या महाराजांच्या वेळची, आणि तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "शहाणी आहे रे तुझी बायको, राजा. ऊठ. तीन ठिकाणी जायचंय. पहिलं तांबडा डोह, दुसरं झोपांचं झाड. तिसरं मग सांगते."

"एका ठिकाणी जाऊन भागणार नाही का?"

"कारण एकच असतं असं तुला सांगितलं कोणी? प्रधानानं?"

राजा निघाला. घोड्यावर तोल जाईल म्हणून बैलावर बसला. बैलाच्या शिंगावर साळुंकी बसली. वाटेत राजा पेंगे, बैल चाले, रान मागं सरे. आणि वळण चुकलं की साळुंकी बैलाला सोडून राजाला टोची.

तांबड्या डोहाचं पाणी कुंकवाचं होतं. काठावर यक्षीण केस विंचरीत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही. म्हणाली, "थेंब दे."

राजानं बाभळीचा काटा बोटाला टोचला. थेंब पाण्यावर पडला, आणि बुडेना. धुऊन वाळवलेल्या पाकळीसारखा फिका, तरंगत राहिला.

"हे रक्त नव्हे," यक्षीण म्हणाली, "रक्ताची आठवण आहे. जेवतोस काय?"

"भात. दूध. साखर. आमच्या घराण्यात राजानं पांढरंच जेवायचं असतं. मन शुभ्र राहतं."

"मनाचं तू बघ. रक्त शुभ्र व्हायला लागलंय ते मला दिसतंय. डोहाच्या तळाशी लोखंडी कढई आहे. घेऊन ये. दुसऱ्याला पाठवायचं नाही."

राजानं बुडी मारली. छाती फुटेल असं वाटलं, तसाच वर आला. पुन्हा मारली, पुन्हा रिकामा आला. साळुंकी काठावरून म्हणाली, "घरी पांढरा भात वाट बघतोय." तिसऱ्या बुडीला तो कढई घेऊनच वर आला. यक्षिणीनं त्या कढईत शेवग्याचा पाला परतला, वर लिंबू पिळलं, नाचणीची भाकरी दिली, गुळाचा खडा दिला. म्हणाली, "थेंब बुडेल तोवर इथंच जेवायचं."

राजा तिथं राहिला. डोहावरचा चंद्र कोरीचा होता, तो जेवणागणिक भरत गेला. राजाची नखं गुलाबी झाली. एके सकाळी तो फिका थेंब तांबडा झाला आणि खड्यासारखा तळाला गेला. राजा धाप न लागता चढण चढला. पण सकाळी उठला की डोळे अजून जडच असत.

"म्हणजे उपाय चुकला?" त्यानं विचारलं.

"उपाय बरोबर आहे. पुरला नाही, इतकंच. चल," साळुंकी म्हणाली.

झोपांचं झाड एका दरीत होतं, जिथं वारा दमला की येऊन निजतो. ती जुनी सावर होती. तिच्या फांद्यांना राज्यातल्या सगळ्यांच्या झोपा घरट्यांसारख्या लोंबत होत्या. तान्ह्या बाळांच्या गोल आणि गुबगुबीत, सावकारांच्या किडकिडीत, नव्या नवरीच्या वाऱ्याशिवाय हलणाऱ्या. एक सुगरण पक्षीण त्या राखीत होती. तिनं केयूराची झोप दाखवली. ती फाटून चिंध्या झाली होती.

"कोणी फाडली?" राजानं विचारलं.

"तूच. निजलास की तुझा श्वास अडतो. श्वास अडला की झोप दचकून बाहेर येते, तू जिवंत आहेस का ते बघायला. रात्रभर तिची ये-जा. घरट्याचं दुसरं काय होणार?"

"मला कधी कळलं नाही."

"झोपलेल्याला कसं कळेल? शेजारी निजते तिला विचारलंस?"

विचारलं नव्हतं. चंपावतीला ते घोरणं आणि मधला तो थांबा दोन्ही ठाऊक होतं. राजे असेच घोरत असतील, असं समजून ती बिचारी उशी कानावर घेई.

"गळ्यात काय आहे?" सुगरणीनं विचारलं.

गळ्यात पिढीजात सोन्याचा कंठा होता, तळव्याएवढा रुंद. त्या घराण्यातला राजा निजतानाही तो काढत नसे, आणि झोपेतही राजा दिसावं म्हणून छाती वर करून उताणा निजे.

"झोपेत तुला बघतंय कोण?" सुगरण म्हणाली. "कंठा काढ. कुशीवर नीज. पण आधी हे घरटं तुझ्या हातानं सांध."

राजा गवताची पाती घेऊन बसला. पात तुटे, बोट कापे. साळुंकी म्हणाली, "राज्य चालवणं सोपं असावं." राजा पहिल्यांदाच हसला, आणि हसता हसता त्याला गाठ जमली. शेवटचं भोक बुजलं तेव्हा त्यानं कंठा बैलाच्या शिंगाला अडकवला आणि सावरीखाली कुशीवर निजला. उठला तेव्हा त्याला वाटलं, हे ऊन नवीन आहे. ऊन रोजचंच होतं.

डोळे हलके झाले. पाय हलके झाले. खांदे मात्र अजून दुखत होते.

"आता तिसरं ठिकाण."

"ते तुझ्या घरी आहे," साळुंकी म्हणाली.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"आधी ते उचलायला तुझ्या अंगात जीव होता? दरबारात येणाऱ्याला काय म्हणतोस तू?"

"शीण माझा, वाट तुमची."

"आणि तुझा बाप, जाणाऱ्याला काय म्हणायचा?"

राजानं दुखरा खांदा चोळला. मग म्हणाला, "तुमचं तुम्हाला. पण मला ते तुसडं वाटलं. मी म्हणायचं सोडलं."

"लोक कापडाची गाठोडी घेऊन गेले. आतलं तुझ्यापाशी राहिलं. आता मागं बघ."

राजानं मागं पाहिलं. उन्हात त्याची सावली पडली होती, आणि सावलीच्या पाठीवर गाठोड्यांचा डोंगर होता.

पौर्णिमेचा दिवस उजाडला. कंठा न घातलेला राजा सिंहासनावर बसला. माणसं आली, गाऱ्हाणी झाली, निवाडे झाले. दुपारी लोक उठू लागले तेव्हा राजा म्हणाला, "थांबा. तुमचं तुम्हाला."

कोंडाजी कोष्टी भावाशी भांडून आला होता. त्याच्या हातात सावलीचं गाठोडं पडलं तसा तो कुरकुरला, "महाराज, मागच्या खेपेला बरं होतं. हलकं वाटलं होतं."

"तुमचा निवाडा मी करीन, कोंडाजीबाबा. भावाला बोलावून समजही देईन. पण भावाशी बोलायचं तुम्हालाच आहे."

कोंडाजीनं गाठोडं तोलून पाहिलं. "एवढंच होतं होय," म्हणाला, आणि काखेत मारून गेला.

प्रधानजी कानाशी लागले. "महाराज, लोक नाराज होतील."

"होऊ द्या. तुमचंही एक आहे इथं."

ते लहान होतं आणि फार जड होतं. प्रधानजींनी ते उघडून पाहिलं नाही. आत काय आहे ते त्यांना माहीत होतं. त्या दिवसापासून त्यांनी कोणाला आळशी म्हटलं नाही.

ऊन कललं. गाठोड्यांचा डोंगर ओसरला. शेवटी एकच गाठोडं उरलं, काळं, ओल्या मातीच्या वासाचं. पुढं यायला कोणी नव्हतं. राजानं पायाखालच्या शिळेवर टाच आपटली.

"भुईधर, हे तुमचं."

खालून आवाज आला, "मला नको."

"माझ्या पाठीवर कधी टाकलंत?"

"तू पहिल्यांदा बसलास तेव्हा. सगळ्यांचं घेत होतास. म्हटलं, एक जास्त झालं तर ह्याला काय कळतंय."

"आत आहे काय?"

खालचा आवाज म्हणाला, "जागरण. गाडल्यापासून माझा डोळा लागलेला नाही. मला निजू दिलं नाही, मग माझ्या डोक्यावर दुसऱ्या कोणी का निजावं?"

राजानं आसन सोडलं नाही. दोन्ही पाय शिळेला लावले आणि रेटले. तांबड्या डोहाचं बळ पायांत होतं, सावरीखालची झोप डोळ्यांत होती. शिळा सरकली. खालून धुळीनं माखलेला एक किडकिडीत म्हातारा वर आला आणि उजेडाला डोळे मिचकावू लागला.

राजा म्हणाला, "पणजोबांचं चुकलं. हे घ्या, आणि जाऊन निजा."

"माझं मला," भुईधर पुटपुटला. त्यानं गाठोडं घेतलं, अंगणातल्या बकुळीखाली नेलं, उशाला घेतलं, आणि कुशीवर वळला. बकुळीची फुलं त्याच्यावर पडत राहिली. पडता पडता त्याची माती झाली आणि मातीवर गवत आलं.

सूर्य अजून मावळायचा होता. राजा केयूरानं तोंडावर हात न धरता मोठी जांभई दिली. त्याची मान लवली. प्रधानजींनी डोळे गच्च मिटले. राणी चंपावतीनं श्वास रोखला आणि राजाचा श्वास ऐकला. तो संथ येत होता, संथ जात होता, मधे कुठं अडत नव्हता.

राजा सिंहासनावर गाढ झोपला. कारंजं पडत राहिलं. झोका वर गेला आणि हसत खाली आला. गवळवाड्यात दुधाची धार न तुटता चरवीत पोचली, फेस वर आला, आणि एक गवळण दुसरीला म्हणाली,

"आज महाराज अगदी टक्क जागे आहेत वाटतं."