गेनबाच्या घरची हाक

एका नदीकाठच्या गावात गेनबा नावाचा एक होडीवाला राहत होता. पलीकडून कुणी "गेनबाच्या घरचे, या होऽ!" अशी हाक दिली, की घरात असेल त्यानं उठायचं. नदीला हात जोडायचे, वरच्या अंगाला फेस कसा फिरतो ते पाहायचं आणि होडी सोडायची. ही वाडवडलांची रीत. थोरला हरबा म्हणजे हुबेहूब बाप. धाकटी सगुणा मात्र पोटाला वाळके भोपळे बांधून पाण्यात शिरायची.

गेनबा चिडायचा. "हाक होडीला असते, भोपळ्याला नाही. माझ्या घरची म्हणवतेस, तर माझ्याच रीतीनं जायचं." नदीचं पाणी ओंजळीत घेऊन त्यानं तिच्याकडून तसा शब्दच घेतला होता.

एका दुपारी हरबा बाजाराला गेला होता. वर डोंगरात पाऊस कोसळला आणि बघता बघता नदी फुगली. लव्हाळं कापायला गेलेली कुंभाराची ठकू मधल्या खडकावर अडकली. पाणी पायाला लागलं तसा तिनं टाहो फोडला, "गेनबाच्या घरचे, धावा होऽ!"

गेनबानं होडी लोटली. होडी रेटायच्या वेळूला तळ लागेना. होडी गरकन फिरली, काठावर आदळली आणि फुटली. म्हातारा चिखलात बसला. मागं सगुणा भोपळे बांधून उभी, पण पाण्यात पाय घालीना.

"अगं, बघतेस काय?"

"शब्द दिलाय ना, आबा."

गेनबा चिखलातून उठला. "तो मीच घेतला होता, मीच मोडतो. हाक घराला आलीय, पोरी. उभी तू आहेस, तर तुझ्या रीतीनं जा."

सगुणानं आधी नदीला हात जोडले. वरचा फेस न्याहाळला. गेनबा चकित झाला. हे तर त्याचंच! पुढचं मात्र त्याच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. बरंच वर चालत जाऊन तिनं धारेत अंग टाकलं आणि वाहत वाहत नेमकी खडकाला लागली. पोटाचे भोपळे सोडून ठकूला त्यांवर पालथं घातलं आणि स्वतः ते धरून राहिली. मग नदीनंच दोघींना खालच्या वळणावर मऊ वाळूत आणून ठेवलं.

गेनबा धावत तिथं पोचला तशी ठकू म्हणाली, "गेनबामामा, मला वाटलं होडी येईल. हे काय आलं गं बाई!"

"माझंच घर आलं," गेनबा म्हणाला. त्याचे हात आपोआप जुळले. नदीला की लेकीला, ते त्यालाही कळलं नाही.

हाक अजून तीच आहे. हरबा घरी असला तर होडी येते, सगुणा असली तर भोपळे. हाक देणाऱ्याला नवं काही शिकावं लागलं नाही.

तात्पर्य: वडलांचं शिकलेलं अंगी बाळगावं, पण हाक आली की जो उभा असेल त्याला त्याच्या रीतीनं ओ देऊ द्यावी.