कुणाला ओ देऊ?

एकदा एका हळदीच्या व्यापाऱ्याने नवे घर बांधले आणि त्या घरात आवाज कुठेही दिसता कामा नये, असा हट्ट धरला. गाणे सगळ्या खोल्यांत हवे, पण काळी खोकी कोपऱ्यात नकोत, टेबलावर नकोत आणि वायरींचे जंजाळ तर मुळीच नको. पैसा आला की माणसाला वस्तू दाखवाव्याशा वाटतात, आणखी आला की त्याच लपवाव्याशा वाटतात. व्यापारी दुसऱ्या पायरीवर पोचला होता. हे काम त्याने भिंतीत स्पीकर बसवून देणाऱ्या एका तरुणाकडे सोपवले.

हा तरुण त्याच गावातल्या एका वृद्ध गवयाचा शिष्य होता. सकाळी गुरुजींपुढे बसून स्वर लावायचा आणि दिवसभर लोकांच्या भिंती कोरायच्या, असा त्याचा क्रम. काम मात्र तो जीव ओतून करी. प्लास्टर होण्याआधीच त्याने वायरींच्या नळ्या भिंतीत पुरून घेतल्या. प्रत्येक स्पीकरच्या पाठीशी बंद पेटी बसवली, म्हणजे भिंत घुमू नये. वरच्या जाळ्यांना भिंतीचाच रंग दिला. सगळे झाल्यावर तो अभिमानाने म्हणाला, "शेठ, आवाज कुठून येतो हे या घरात कुणाला कळलं, तर मी नाव बदलून ठेवीन."

व्यापारी खूश झाला. त्याने आणखी एक सोय मागून घेतली. मोबाईलवर बोट दाबून तो बोलला की त्याचा आवाज सर्व खोल्यांतून एकदम उमटे. एवढ्या मोठ्या घरात कुणाला बोलवायला उठून जायचे म्हणजे तंगडतोड. चहा हवा असो, पाहुणे आलेले असोत की पाने वाढलेली असोत, निरोप भिंती देऊ लागल्या.

या घरात व्यापाऱ्याची म्हातारी आई होती. तिची नजर बरीच मंदावली होती. माणूस समोर उभा राहिला तर सावलीसारखे काही दिसे, चेहरा दिसत नसे. पूर्वी ही मंडळी दुकानामागच्या दोन खोल्यांत राहत, तेव्हा तिचे काही अडले नव्हते. नव्या घरात आल्यावर मात्र ती बिघडत गेली, असे सगळे म्हणू लागले. पहिल्यांदा ती हाक आली की "ओ, आले" म्हणून उठायची आणि भिंतीपाशी जाऊन थांबायची. मग दुसऱ्या भिंतीपाशी जायची. पुढे ती भिंतीशी बोलू लागली. शेवटी हाकेला ओ देणेच तिने सोडले. डॉक्टर म्हणाले, या वयात स्मृती जाते. व्यापाऱ्याने पुण्याजवळच्या एका निवासात तिची व्यवस्था लावली. तिथे अशाच वृद्धांना सांभाळतात. पाडवा झाला की तिला पोचवायचे ठरले, आणि तिची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती.

अशा वेळी शिष्य आपल्या गुरुजींना ते घर दाखवायला घेऊन गेला. आपले काम त्यांच्या कानांनी पारखावे, एवढीच त्याची इच्छा. गुरुजींनी डोळे मिटून एक संपूर्ण अभंग ऐकला. "स्वच्छ आहे," ते म्हणाले. "तंबोरासुद्धा कुठे झाकला जात नाही. हात चांगला बसलाय तुझा." शिष्याच्या जिवात जीव आला. मग गुरुजींची नजर दाराजवळच्या बॅगेवर गेली. कुणी प्रवासाला निघाले आहे का, असे त्यांनी विचारले.

व्यापाऱ्याने सगळी हकीकत सांगितली. आईला घराबाहेर काढण्याची हौस त्याला नव्हती, हे लक्षात घ्यायला हवे. तो वाईट मुलगा नव्हता, नुसता हतबल झाला होता. "तुम्हीच बघा," असे म्हणून त्याने मोबाईलवर बोट दाबले. "आई, गुरुजी आलेत. बाहेर ये." घरातल्या भिंती एका सुरात तसे म्हणाल्या. आतून उत्तर आले नाही.

गुरुजी उठून आत गेले. म्हातारी पलंगाच्या कडेवर बसली होती. ते तिच्याजवळ जमिनीवर बसले.

"बाई, मुलाची हाक ऐकू येते ना?"

"येती की. चांगली येती. सगळीकडनं येती."

"मग ओ का देत नाही?"

म्हातारीने आवाजाच्या रोखाने मान वळवली. "कुणाला देऊ?" ती म्हणाली.

दारात उभा असलेला व्यापारी हताशपणे शिष्याकडे वळला. "ऐकलंत? पोटच्या पोरानं हाक मारली आणि विचारते, कुणाला."

गुरुजींनी खांद्यावरचे उपरणे काढले, व्यापाऱ्याला हाताला धरून दिवाणखान्यात आणले आणि ते उपरणे त्याच्या डोळ्यांवर घट्ट बांधले.

"गुरुजी, हे काय? आंधळी कोशिंबीर खेळायचं वय आहे का माझं?"

"खेळ तोच आहे. थोडा धीर धरा." मग ते शिष्याला म्हणाले, "शेठचा मोबाईल घे. त्यांच्या आईला घरात कुठेही नेऊन बसव, मला सांगू नकोस. दार लाव. आणि तिला म्हणावं, पोराला पूर्वी बोलवायचीस तशी मोबाईलवरून हाक मार."

शिष्य गोंधळला, पण गुरूंच्या आज्ञेचा अर्थ आधी विचारायचा नसतो, नंतर समजून घ्यायचा असतो, ही जुनी शिस्त त्याच्या अंगात होती. तो गेला. इकडे गुरुजींनी व्यापाऱ्याला जागच्या जागी दोन गिरक्या दिल्या आणि ते बाजूला झाले.

थोड्या वेळाने चारी भिंती बोलल्या. "मल्लू!"

पेठेत त्याला शेठ म्हणत, घरी बायको अहो म्हणे, मुले पप्पा म्हणत. या नव्या घरात मल्लू म्हणून त्याला कुणी हाक मारलीच नव्हती. "ओ!" त्याच्या तोंडून आपोआप निघून गेले.

"मल्लू, हिकडं ये रं."

तो उजवीकडे गेला. आवाज डावीकडूनही येत होता. तो डावीकडे वळला तर गुडघा टीपॉयवर आपटला. चाचपडत तो भिंतीपाशी पोचला आणि त्याचा तळवा नेमका जाळीवर पडला. "ये की रं, बसले हाय मी," असे आई त्याच्या हाताखाली म्हणत होती, पण हाताला नुसती गार भिंत लागत होती. हे घर त्याने स्वतः बांधले होते, त्याची वीट न् वीट त्याला ठाऊक होती. तरी तो कपाळ भिंतीला टेकवून ओरडला, "आई, कुठं हाईस गं तू?" त्या ओरडण्यात थट्टा उरली नव्हती.

तेव्हा गुरुजींनी आपला खडा आवाज लावला. "यंत्र बंद कर! दार उघड!"

घर शांत झाले. मग आतून कुठूनतरी एक बारीक, थकलेली हाक आली. "मल्लू..."

व्यापाऱ्याने मान वळवली आणि तो सरळ चालू लागला. दिवाणखाना ओलांडला, जिन्याला वळसा घातला, स्वयंपाकघरातून गेला. कुठे अडखळला नाही. देवघराच्या उंबऱ्याशी तो वाकला आणि आईच्या पुढ्यात बसला.

म्हातारीने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. बोटांना उपरणे लागले. "अरं, डोळ्यांस्नी काय झालं रं तुझ्या?" ती घाबरून म्हणाली. "कवापासनं दिसंना तुला?"

व्यापारी तिच्या मांडीवर डोके ठेवून रडला. बराच वेळ कुणीच त्याला उठवले नाही.

नंतर गुरुजी शांतपणे म्हणाले, "शेठ, हाक दोन कामं करते. ती निरोप सांगते आणि माणूस कुठे आहे तेही सांगते. तुम्हाला डोळे आहेत, म्हणून तुम्हाला दुसऱ्या कामाची गरज पडत नाही. यांचं सगळं घर त्या दुसऱ्या कामावर उभं होतं. मुलगा बोलला तो दाराशी, सून बोलली ती चुलीपाशी, असा आवाजांचा नकाशा होता यांच्यापाशी. तो नव्या घरात पुसला गेला. निरोप पोचला, पण माणूस पोचला नाही. ओ ही निरोपाला देत नाहीत. ती माणसाला देतात. या तुम्हाला तेच विचारत होत्या."

शिष्य खाली मान घालून उभा होता. "गुरुजी, मग स्पीकर काढून टाकू?"

गुरुजींच्या आधी म्हातारीच बोलली. "काढतोस कशाला? गानं ग्वाड लागतंय त्यातनं. मगाचं ते परत लाव की."

"ऐकलंस?" गुरुजी हसले. "गाणं कुणाला बोलावत नाही, म्हणून ते सगळीकडून आलं तरी चालतं. ती हाकेची सोय तेवढी काढ."

शिष्याने ती तिथल्या तिथे काढली. परतताना वाटेत तो म्हणाला, "आवाज कुठून येतो ते कळणार नाही, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगत आलो. आता काय सांगू?"

"तेच सांग. खरं आहे ते. फक्त घरात कोण कोण राहतं, हे आधी विचारत जा."

पाडवा झाला. दाराशी असलेली बॅग माळ्यावर गेली. त्या घरात आता जेवणाची वेळ झाली की भिंतीतले गाणे थांबते, व्यापारी जिना उतरून आईच्या खोलीच्या दारात उभा राहतो आणि म्हणतो, "आई." आतून तत्काळ उत्तर येते, "ओ. आलास?"

आपल्या घरात हल्ली कुणी ओ देत नसेल, तर त्याच्या कानांची तपासणी करण्याआधी आपण हाक कुठून मारतो, ते एकदा पाहावे.