घंटेची वाट

सरदार आबासाहेबांना टेकडीवरच्या देवळात मोठी घंटा चढवायची होती. वळसे घालणं म्हणजे आळशीपणा, असं त्यांचं ठाम मत, म्हणून मातीची चढण त्यांनी सरळ आणि उभी बांधून घेतली. ओढताना दोर तुटला, घंटा खाली घसरली, माणसं थोडक्यात वाचली. तरी हुकूम सुटला, "उद्या घंटा चढली नाही तर फटके."

सकाळी सरदारांची पालखी आली. त्यांच्या म्हाताऱ्या आत्याबाईंनी भोयांना त्याच चढणीवर घातलं. थोडं वर जाताच सरदार गादीवरून मागे घसरले आणि दांडा गच्च धरून ओरडले, "फिरा मागं. नेहमीच्या वळणाच्या पायवाटेनं चला. इथं भोयांचा जीव जाईल."

आत्याबाई म्हणाल्या, "घंटा कालपासून हेच म्हणतेय, आबा. फक्त तिला हुकूम सोडता येत नाही."

सरदार वरमले. पायवाटेच्या वळणानं लांब, सौम्य चढण बांधली गेली. त्याच माणसांनी तीच घंटा गाणी म्हणत वर नेली. पहिल्या टोलाचा आपला मान सरदारांनी त्यांनाच दिला.

आजही गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या त्या वाटेनं देवळात पोचतात आणि देवाच्या आधी आत्याबाईंना हात जोडतात.