मोतीरामची मूठ

फार वर्षांपूर्वी, भोंग्यातून माणूस गातो असं कुणी सांगितलं तर लोक सांगणाऱ्याचीच नाडी बघत, त्या काळची ही गोष्ट. पूर्णेकाठच्या खिरवडीत मोतीराम ताथोड नावाचा माणूस होता. गाण्यांची चोपडी छापून जत्रांमधून विकायचा. पुढे त्यानं तबकड्याही विकायला आणल्या; पण एकीतही वऱ्हाडी बोल नव्हता, आणि हे त्याला फार लागलं. त्याची माय तो लहान असतानाच गेली होती. तिच्या ओव्या आता गावात एकट्या कौतिकाबाईला येत, आणि तीही थकली होती. ती गेली की आपली माय दुसऱ्यांदा जाणार, हे मोतीरामला कळत होतं.

त्यानं शहरातल्या तबकडीवाल्यांचे उंबरे इतके झिजवले, की शेवटी ते कंटाळून यंत्र घेऊन खिरवडीतच आले, असं म्हणतात.

कौतिकाबाई जात्यावर बसली. जात्याशिवाय ओवी सुचणार कुठून? पण यंत्रवाले म्हणाले, दाण्यांची घरघर नको, जातं रिकामं फिरवा.

“रिकामं जातं नाई फिरवत, बापू,” कौतिकाबाई म्हणाली. दाणे नसले की जातं घरातलंच काहीतरी दळतं, अशी तिकडची समजूत.

यंत्रवाले सामान आवरायला लागले. मोतीरामचा धीर सुटला. “एकच डाव, माय. माह्यासाठी.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि खुंटा धरला. ओवी अशी निघाली, की पाण्याला निघालेल्या बायकांनी वाटेतच घागरी उतरवल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती दळायला बसली, तर गळ्यातून सूर निघेना. जात्यानं तिचा आवाजच दळला होता, असं म्हणतात. ती मोतीरामवर रागावली नाही. त्याला तेच जास्त झोंबलं.

तबकडी तयार होऊन आली, तशी त्यानं ती आधी तिच्या दारी नेली. जात्यात ज्वारीची मूठ घातली आणि यंत्राला चावी दिली. भोंग्यातून स्वतःचा आवाज आला, तेव्हा म्हातारीनं डोळे मिटले आणि दळत राहिली. मोतीराम उंबऱ्यात बसून मायसाठी रडला, आणि हिच्यासाठीही. त्या दिवशी भोंग्यातूनसुद्धा पीठ सांडलं, असं म्हणतात. कौतिकाबाई होती तोवर त्यानं हा नेम चुकवला नाही.

पुढे मोतीरामनं पाळणे, भुलाबाईची गाणी, दंडारीच्या खेळातली पदं, सगळं तबकडीवर आणलं. वऱ्हाडात त्याचं नाव झालं. पण गाणाऱ्या बाईच्या पदरात आधी मूठभर ज्वारी घातल्याशिवाय त्यानं कधी यंत्र सुरू केलं नाही.

खिरवडीत आजही लग्नाघरी बायका गात असताना कुणी मोबाइल पुढे धरला, तर त्या गाणं थांबवतात आणि पदर पसरतात. “मोतीरामची मूठ टाक आंधी,” म्हणतात. दाणे पदरात पडेपर्यंत एकही बाई तोंड उघडत नाही; मग फोन धरणारा तिच्या पोटचा लेक असला तरी.