रिकाम्या गाडीची चेन

एकदा एका तरुणाने मोटारसायकल विकत घेतली. तिच्यावरून पहिला प्रवास कुठे करायचा, हे त्याने गाडी घेण्याआधीच ठरवले होते. त्याची पत्नी केतकी घाटापलीकडे माहेरी जाऊन राहिली होती. भांडण म्हणावे असे काही झाले नव्हते. तरुण मनाने निर्मळ होता, तिच्यावर त्याचा जीव होता. पण घरातला तांब्यासुद्धा ठरल्या जागेवरून हललेला त्याला खपत नसे. कुठे निघालीस, कोणाबरोबर, किती वाजता परतशील, हे तो रोज विचारी आणि यालाच काळजी समजे. केतकी थोड्या दिवसांसाठी म्हणून गेली आणि मग 'सध्या इथेच बरं वाटतंय' असा तिचा निरोप आला. ती परत येते की नाही, या एका प्रश्नापलीकडे त्याला आता काही सुचत नव्हते.

त्या गावात एक रीत होती. नवी गाडी आली की तिला हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचे आणि मग ती एका वृद्ध डॉक्टरांच्या अंगणात न्यायची. डॉक्टर गुरांचे होते. सारी हयात त्यांनी मोटारसायकलवरून वाड्यावस्त्या हिंडून काढली होती. लिंबाने चाकात हवा भरत नाही, असे ते हसत हसत म्हणत आणि नव्या चालकांना सकाळच्या वेळी चार गोष्टी शिकवत. हवा अंगठ्याने दाबून ठरवू नका, मोजून घ्या. इंजिनातले तेल गाडी सरळ उभी करून पाहा. ब्रेक फाटकातच दाबून बघा, उतारावर पहिल्यांदा नको. नदीवरून आलेले धुके अंगणात साचलेले असे, त्यात उभ्या गाड्या रवंथ करणाऱ्या गुरांसारख्या दिसत, आणि डॉक्टर प्रत्येकीवर हात फिरवत संथपणे बोलत राहत. ऐकणाऱ्याला आपण जागे आहोत की नाही, असा संभ्रम पडे.

आपला हा तरुण मोठा तत्पर विद्यार्थी होता. प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी त्याने चेन हाताने उचलून पाहिली, तर ती बोटभर खाली-वर होत होती. त्याला ते दुखणेच वाटले. त्याने पाना घेतला आणि चेन जराही हलेनाशी होईपर्यंत ताणली. मग त्याला छान झोप लागली.

सकाळी तो डॉक्टरांना नमस्कार करायला गेला. दहाच्या आत पोहोचायचे, केतकीने बॅग भरून तयार राहायचे, वाटेत तिला घरातल्या सगळ्या गोष्टी पुन्हा नीट समजावून सांगायच्या, असा सारा बेत त्याने उत्साहाने ऐकवला. डॉक्टर ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी चेनकव्हरचे रबरी बूच काढले, आत बोट घातले, आणि मागच्या चाकाचा नट सोडवून चेन सैल करू लागले. तरुण कासावीस झाला. कालच ती घट्ट केली आहे, घाटात उतरली तर काय करायचे, असे तो पुन्हा पुन्हा विचारू लागला.

चेन पहिल्यासारखी बोटभर हलू लागली तेव्हा डॉक्टरांनी नट आवळला. हात पुसत ते म्हणाले, "फार सैल असली तर उतरते, खरं आहे. पण तू ती गाडी रिकामी उभी असताना ताणलीस. तू बसशील, मागे कुणी बसेल, चाक खड्ड्यात दबेल, तेव्हा ती आपली आपणच ताणली जाते. त्या वेळी तिला जी जागा लागते, ती तू आधीच काढून घेतलीस. अशी चेन तुटते तरी, नाहीतर आतल्या आत बेअरिंग खाते. आणि आपण म्हणतो, चेनच वाईट निघाली."

केतकीला काय सांगायचे, असे तरुणाने गाडीकडे पाहत हळूच विचारले. ते मला कसे ठाऊक असणार, असे म्हणून डॉक्टर घरात गेले.

घाटात धुके दाट होते. पुढचे वळण दिसत नव्हते, मागचे पुसले जात होते. तोंडपाठ केलेली वाक्ये त्याने एकदा म्हणून पाहिली. ती त्याला कुणा परक्याची वाटली आणि त्याला स्वतःची लाज वाटली. मग तो नुसता चालवत राहिला.

केतकी ओसरीवर उभी होती. तिने विचारले, "किती वाजता निघायचं?"

"तू म्हणशील तेव्हा," तो म्हणाला. "आज नको असेल तर आज नको."

तिने त्याला आत बोलावले. चहा झाला, इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग तिने गाडी चालवून पाहू का, असे विचारले. माहेरी आल्यावर भावाच्या गाडीवर ती शिकली होती. त्याने कधी विचारले नव्हते, तिने सांगितले नव्हते. क्लच, गिअर, वळणावरचे खडे, सगळ्या सूचना त्याच्या जिभेवर आल्या. त्याने हेल्मेट आणि किल्ली तिच्या हातात दिली.

ती धुक्यात दिसेनाशी झाली. आवाज लांब गेला, मग तोही विरला. तो फाटकाशी उभा राहिला. भीती वाटत होती, पण तो तिच्यामागे गेला नाही.

कितीतरी वेळाने आवाज पुन्हा ऐकू आला. केतकीने गाडी त्याच्यापाशी थांबवली, हेल्मेट काढले. तिचा चेहरा दवाने ओला झाला होता.

"आईला सांगून येते," ती म्हणाली. "घाट तू चालव. मला अजून वळणं जमत नाहीत."

त्याला रडू आले, आणि ते त्याने तिच्यापासून लपवले नाही.